ओझें ओढण्यास कोणतें एंजिन? पेट्रोल व डिझेल यांचा तुलनात्मक विचार

शेतांत पिकलेला माल बाजारपेठेंत किंवा कारखान्याच्या काट्यावर पोंचेपर्यंत त्याचा पैसा होत नाहीं. म्हणून नांगरट, बीं-बियाणें व खतें यांच्याइतकाच वाहतुकीचा विचारहि शेतकऱ्यास करावा लागतो. पूर्वीं हें काम बैलगाडीनें होत असे, आणि बैलाची पारख प्रत्येक शेतकऱ्याला होती. दांत, खांदा, खूर व चाल पाहून हा बैल मोटेला चालेल कीं गाडीला, हें तो सांगूं शके. आज बैलाच्या जागीं ट्रक, ट्रॅक्टर किंवा लहान मालमोटार आली आहे. तिची किंमत लाखांच्या घरांत असते व ती बहुधा कर्ज काढूनच द्यावी लागते. परंतु बैलाइतकी तिची पारख मात्र अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. विकणारा अश्वशक्तीचा आंकडा सांगतो, घेणारा लिटरला किती किलोमीटर एवढेंच विचारतो, आणि तेवढ्यावर सौदा पुरा होतो.

जड ओझें ओढावयाचें तर डिझेल एंजिनच घ्यावें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा नाहीं. परंतु तो अपुरा आहे. डिझेलचें श्रेष्ठत्व कशांत आहे, तें कोणत्या कामांत पदरांत पडतें व कोणत्या कामांत उलट अंगावर येतें, हें समजून घेतल्यावांचून लाख-दोन लाख रुपये अधिक मोजणें शहाणपणाचें नव्हे. प्रस्तुत लेखाचा हेतु ही पारख वाचकांना सोप्या रीतीनें करून देणें हा आहे.

दोन एंजिनांतील मूळ भेद

दोन्ही एंजिनांचा सांगाडा सारखाच असतो. सिलिंडरांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खालीं होतो. सिलिंडरांत इंधन जळलें कीं तापलेला वायु फुगतो व दट्ट्याला खालीं रेटतो, आणि त्या रेट्यानें क्रँकचा दांडा फिरतो. भेद आहे तो इंधन कसें पेटवावें यांत.

पेट्रोल एंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दाबून सुमारें एकदशांश जागेंत आणतात व मग विजेच्या ठिणगीनें तें पेटवितात. नव्या कांहीं एंजिनांत पेट्रोलहि थेट सिलिंडरांत फवारतात, पण पेटविण्यास ठिणगी लागतेच. हें मिश्रण याहून फार दाबतां येत नाहीं. कारण दाबानें तें तापतें व ठिणगी पडण्यापूर्वींच किंवा भलत्याच ठिकाणीं भडकतें. मग एंजिनांत ठोके बसतात व दट्ट्याची खराबी होते.

डिझेल एंजिनांत प्रथम नुसती हवाच आंत घेतात. ती पंधराव्या ते अठराव्या हिश्श्याइतक्या जागेंत दाबली म्हणजे ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते. अशा तप्त हवेंत डिझेलचा बारीक फवारा सोडला कीं तें आपोआप पेट घेतें. ठिणगीची गरजच राहत नाहीं. हवा जितकी अधिक दाबावी व नंतर ती जितकी अधिक फुगूं द्यावी, तितका एकाच उष्णतेपासून अधिक काम मिळण्याचा लाभ होतो. डिझेलच्या काटकसरीचें पहिलें कारण हें होय. मात्र एवढा दाब सोसण्यासाठीं एंजिनाचे सर्व भाग जाड व मजबूत करावे लागतात. म्हणून तें वजनानें भारी व किंमतीनें महाग असतें, आणि बहुधा टिकाऊहि असतें.

दुसरा भेद गति कमी-जास्त करण्याचा आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ति कमी करावयाची तर आंत येणारी हवाच पडद्यानें अडवावी लागते, व अडविलेली हवा ओढून घेण्यांत एंजिनाची कांहीं शक्ति फुकट जाते. डिझेलमध्यें हवा मोकळी येते. फक्त फवाऱ्याचें माप कमी करतात. म्हणून अर्ध्या कामावर चालतांनाहि डिझेल एंजिन इंधन कमी खातें.

इतिहासांतील दोन-चार टप्पे

जर्मनींत निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार ठोक्यांचें एंजिन यशस्वी केलें; आजचें पेट्रोल एंजिन हें त्याचेंच वंशज होय. रुडॉल्फ डिझेल यानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या एंजिनाची रीतसर परीक्षा झाली. त्या परीक्षेंत इंधनांतील उष्णतेचा शेंकडा २६ हून अधिक भाग कामांत उतरला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या मानानें हें फळ विलक्षण होतें.

तथापि आरंभीं डिझेल सिलिंडरांत ढकलण्यासाठीं दाबलेल्या हवेचा स्वतंत्र पंप लागे. त्यामुळें हें एंजिन कारखान्यांत व जहाजावरच शोभे. गाडीवर चढण्याजोगें तें नव्हतें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत डिझेल थेट दाबून फवारणारे छोटे पंप निघाले, आणि १९२४ सालीं जर्मनींत डिझेलचा ट्रक लोकांस दाखविण्यांत आला. अमेरिकेंत कॅटरपिलर कंपनीनें १९३१ सालीं डिझेलवर चालणारा पट्ट्याचा ट्रॅक्टर बाजारांत आणला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, व १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशीं करार करून जमशेदपूर येथें डिझेल ट्रक बांधण्यास सुरुवात केली. तेव्हांपासून जड वाहतूक म्हणजे डिझेल, हें समीकरण आपल्या देशांत पक्कें झालें.

अश्वशक्ति आणि ओढ

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अश्वशक्ति व ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रँकचा दांडा फिरविण्याचा जो जोर त्याला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटर या मापानें मोजतात. हा जोर आणि मिनिटाला होणारे फेरे यांच्या गुणाकारावरून अश्वशक्ति ठरते. म्हणजे थोड्या जोरानें पुष्कळ फेरे केले तरी अश्वशक्ति मोठी दिसते, आणि पुष्कळ जोरानें थोडे फेरे केले तरी तितकीच दिसते. टांग्याचें घोडें व मोटेचा बैल या दोघांनीं दिवसभरांत सारखेंच काम केलें असें धरलें, तरी त्यांची काम करण्याची तऱ्हा निराळी असते. त्यांतलाच हा प्रकार.

याचें एक चांगलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. तिकडील शेतकरी घोडे, जनावरें, गवताचे गठ्ठे किंवा यंत्रें भरलेली मोठी ट्रॉली आपल्या पिकअप ट्रकला जोडून नेतात, आणि एकाच गाडींत पेट्रोल वा डिझेल यांपैकीं हवें तें एंजिन त्यांना निवडतां येतें. फोर्ड कंपनीनें २०२० सालच्या आपल्या सुपर ड्यूटी ट्रकमध्यें ७·३ लिटरचें पेट्रोल एंजिन नव्यानें दिलें. त्याच गाडींत ६·७ लिटरचें डिझेल एंजिनहि मिळे. पेट्रोलची शक्ति ४३० अश्वशक्ति व डिझेलची ४७५. म्हणजे फरक फारसा नाहीं. परंतु टॉर्क पाहिला तर पेट्रोलचा जास्तींत जास्त ६४४ न्यूटन-मीटर, व तोहि मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर. डिझेलचा मात्र १,४२४ न्यूटन-मीटर, आणि तो अवघ्या १,६०० फेऱ्यांवर! गणित केलें तर १,६०० फेऱ्यांवर हें डिझेल एंजिन सुमारें ३२० अश्वशक्ति देतें. त्याच फेऱ्यांवर पेट्रोल एंजिनानें आपला सर्व टॉर्क दिला असें धरलें, तरी १४५ हून अधिक अश्वशक्ति त्याला देतां येणार नाहीं.

यावरून पेट्रोल एंजिन ओझें ओढूंच शकत नाहीं, असा अर्थ कोणी काढूं नये. खालचा गिअर घालून एंजिनाला मोठ्यानें फिरविलें म्हणजे चाकाशीं पुरेसा जोर मिळतो. फरक एवढाच कीं, जें काम डिझेल सावकाश व न ओरडतां करतें, तें पेट्रोल एंजिनास धांवत व तापत करावें लागतें. घटकाभराचें काम असेल तर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. तेंच रोज आठ तास करावयाचें असेल तर मात्र इंधन, तेल व एंजिनाचें आयुष्य या तिहींवर त्याचा परिणाम होतो.

चढावरील गणित

आपल्याला खरोखर किती शक्ति लागते, याचा अंदाज शेतकऱ्यास स्वतः काढतां येतो. गाडी, ट्रॉली व माल मिळून दहा टन वजन आहे असें समजा. रस्त्याला शेंकडा सहा चढ आहे, म्हणजे शंभर मीटर अंतरांत रस्ता सहा मीटर उंच जातो. हें वजन चढावर ओढण्यास सुमारें ५,९०० न्यूटन जोर लागतो, व टायरांच्या घर्षणासाठीं चांगल्या डांबरी रस्त्यावर आणखी हजारभर न्यूटन धरावा. एकूण सुमारें ६,९०० न्यूटन. ताशीं ४० किलोमीटर वेगानें चढावयाचें तर चाकाशीं १०२ अश्वशक्तीच्या जवळपास शक्ति पाहिजे. तोच वेग ताशीं २० किलोमीटर ठेविला तर ५१ अश्वशक्ति पुरते. सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगास याच वजनाला पंधरा ते वीस अश्वशक्तीहून अधिक लागत नाहीं.

यांतून दोन गोष्टी ध्यानांत याव्या. पहिली अशी कीं, ज्याचा मार्ग सपाट आहे त्याला फार मोठें एंजिन घेण्याचें कारण नाहीं. दुसरी अशी कीं, घाटांत वेग कमी केल्यानें लहान एंजिनहि काम भागवूं शकतें; मात्र मागून येणाऱ्या वाहतुकीचा व एंजिन तापण्याचा विचार तेथें केला पाहिजे.

उंच प्रदेशांत हवा विरळ असते, हेंहि लक्षांत ठेवावें. साध्या एंजिनाची शक्ति दर ३०० मीटर उंचीस शेंकडा तीनच्या सुमारें कमी होते. टर्बोचार्जर, म्हणजे धुराड्याच्या वायूनें फिरणारा हवेचा पंखा, असेल तर ही घट बरीचशी भरून निघते. ट्रकांच्या नव्या डिझेल एंजिनांना तो बहुतेक असतोच. पेट्रोल एंजिनांत सर्वांना नसतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर माल नेणारांनीं गाडी घेतांना याची चौकशी अवश्य करावी.

इंधन किती लागतें व कां

इंधनांतील उष्णतेचा किती भाग कामांत उतरतो हें पाहिलें तर चांगल्या पेट्रोल एंजिनांत तो शेंकडा ३० ते ३५ च्या आसपास, व मोठ्या ट्रकांच्या डिझेल एंजिनांत शेंकडा ४० ते ४५ पर्यंत असतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां शेंकडा १० ते १२ अधिक उष्णता असते. हे दोन्ही लाभ एकत्र झाल्यामुळें लिटरमागें मिळणाऱ्या अंतरांत मोठा फरक पडतो.

ओझें वाढलें म्हणजे हा फरक अधिकच वाढतो. पेट्रोल एंजिन पूर्ण जोरावर बराच वेळ चाललें कीं त्याच्या धुराड्याचा वायु अतिशय तापतो. झडपा व पुढील भाग जळूं नयेत म्हणून अशा वेळीं पुष्कळ एंजिनांत गरजेपेक्षां अधिक पेट्रोल सोडून उष्णता आटोक्यांत ठेवितात. हें जादा पेट्रोल ओझें ओढीत नाहीं. तें एंजिन थंड ठेवण्यापुरतेंच खर्ची पडतें. म्हणून रिकामी गाडी चालवून पाहून मायलेज ठरवूं नये. ज्या ओझ्यानें व ज्या रस्त्यानें रोज जावयाचें, त्याच ओझ्याचा व त्याच रस्त्याचा अनुभव असणाऱ्या गाडीवाल्यास विचारावें.

नव्या डिझेल गाडीचें पथ्य

येथपर्यंत डिझेलची बाजू वरचढ दिसते. आतां दुसरी बाजू पाहूं. डिझेलच्या ज्वलनांत काजळी व नायट्रोजनचे विषारी वायु अधिक उत्पन्न होतात. पेट्रोल एंजिनाचा धूर एका साध्या उत्प्रेरक नळकांड्यानें बराच शुद्ध करतां येतो. डिझेलच्या धुराला तेवढें पुरत नाहीं. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, व ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाहि १ जानेवारी २०२३ पासून पूर्वींपेक्षां कडक नियम लागू झाले. त्यामुळें नव्या डिझेल एंजिनाबरोबर काजळी अडविणारी गाळणी व पुष्कळ गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टांकी आली आहे. जुन्या डिझेल गाडीचा अनुभव नवीला जसाच्या तसा लावणें म्हणूनच धोक्याचें आहे. पुढील चार पथ्यें पाळलीं पाहिजेत.

पहिलें, काजळीची गाळणी तापली म्हणजेच तिच्यांतील काजळी जळून जाते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालली व एंजिन पुरतें तापलेंच नाहीं, तर गाळणी तुंबते. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या गाडीला नवें डिझेल एंजिन मानवत नाहीं, याचें हें मुख्य कारण होय.

दुसरें, गाळणी स्वतःला जाळून साफ करीत असतांना धुराडें अतिशय तप्त असतें. अशा वेळीं गाडी वाळलेलें पाचट, गवत किंवा कडबा यांवर उभी करूं नये. आग लागण्याचें भय असतें.

तिसरें, युरियाच्या टांकींत खताचा युरिया पाण्यांत कालवून कदापि घालूं नये. गाडीसाठींचें द्रावण शेंकडा ३२·५ शुद्ध युरिया व क्षारविरहित पाणी यांचें असतें. खताच्या युरियांत बाययुरेट नांवाचा पदार्थ त्या मानानें पुष्कळ अधिक असतो, आणि आपल्या देशांत २०१५ सालापासून खताच्या युरियाला निंबोळीच्या तेलाचें लेपन असतें. पिकाला हें लेपन हितकर आहे; परंतु गाडीचा फवारा व उत्प्रेरक त्यानें बिघडतो, व ती दुरुस्ती हजारों रुपयांची होते. पोत्यांतले चार रुपये वांचविण्यासाठीं असें करणें म्हणजे सुतासाठीं मणिहार तोडणें होय.

चौथें, नव्या डिझेल एंजिनांत फवाऱ्याचा दाब १,६०० ते २,००० बार व कित्येकांत त्याहूनहि अधिक असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत एक ते दीड बारच्या आसपास हवा असते, यावरून या दाबाची कल्पना यावी. इतक्या दाबावर काम करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांना पाणी, धूळ किंवा रॉकेलची भेसळ मुळींच खपत नाहीं. गाळणींतील पाणी वेळच्या वेळीं काढावें, उघड्या डब्यांतून डिझेल ओतूं नये व खात्रीच्या पंपाशिवाय तें घेऊं नये.

पेट्रोलची बाजू

पेट्रोल एंजिन हलकें, स्वस्त, शांत व दुरुस्तीस सोपें असतें. थंडींत तें चटकन सुरू होतें व थोड्या अंतराच्या कामांत त्याला गाळणी तुंबण्याचा त्रास सहसा होत नाहीं. वर सांगितलेल्या अमेरिकन ट्रकांत डिझेल एंजिनासाठीं सुमारें दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागत. म्हणूनच तेथें वर्षांतून थोडेच दिवस ट्रॉली ओढणारे पुष्कळ लोक मोठें पेट्रोल एंजिनच पसंत करतात, व कंपन्यांनींहि असलीं एंजिनें नव्यानें काढलीं आहेत.

आपल्याकडे लहान मालमोटारींत पेट्रोल व सी. एन. जी. हे दोन्ही प्रकार मिळतात. सी. एन. जी. एंजिनहि ठिणगीनेंच पेटतें, तेव्हां तें पेट्रोलच्याच कुळांतील समजावें. त्याचें इंधन स्वस्त पडतें. मात्र टांक्यांचें वजन मालाच्या वजनांतून वजा होतें, व जवळपास पंप नसेल तर खेपेचा वेळ फुकट जातो.

पेट्रोलचा ऊंस पिकविणारांशीं आतां वेगळाहि संबंध जडला आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें, व या इथेनॉलचा मोठा भाग ऊंस व धान्य यांपासून येतो. इथेनॉलनें ठोके बसण्याची भीति कमी होते. परंतु त्यांत उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच असते. त्यामुळें अशा मिश्रणाच्या एका लिटरांत शुद्ध पेट्रोलपेक्षां शेंकडा सहा-सात उष्णता कमी भरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. जी गाडी महिनोन्महिने उभी राहते तिची टांकी पाणी शिरणार नाहीं अशी घट्ट बंद ठेवावी, आणि जुनी गाडी असल्यास तिचे रबरी भाग या मिश्रणास योग्य आहेत कीं नाहींत, हें विचारून घ्यावें.

हिशेब कसा मांडावा

आतां पैशांचा हिशेब पाहूं. पुढील आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं धरलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव व आपल्या गाडीचा अनुभव त्यांच्या जागीं घालावा.

समजा, सारख्याच मालाला पेट्रोल गाडी लिटरला ८ किलोमीटर जाते व पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. म्हणजे किलोमीटरला १३ रुपये पडले. डिझेल गाडी लिटरला १० किलोमीटर जाते व डिझेल ९० रुपये लिटर आहे. म्हणजे किलोमीटरला ९ रुपये पडले. बचत ४ रुपयांची. परंतु डिझेल गाडीचें तेल, गाळण्या व युरियाचें द्रावण यांचा जादा खर्च किलोमीटरला अर्धा रुपया धरूं. तेव्हां निव्वळ बचत साडेतीन रुपये राहिली. डिझेल गाडीची किंमत दोन लाख रुपयांनीं अधिक आहे व कर्जाचा दर सालीना शेंकडा १० आहे असें समजूं. म्हणजे या जादा रकमेवर पहिल्या वर्षाचें व्याजच २०,००० रुपये होतें.

पहिला शेतकरी वर्षांत ४,००० किलोमीटर माल वाहतो. त्याची बचत १४,००० रुपये. ती व्याजालाहि पुरत नाहीं. मुद्दल फिटण्याची गोष्टच दूर. त्यानें डिझेल गाडी घेतली तर ती त्याला दरवर्षीं खड्ड्यांत घालील.

दुसरा १२,००० किलोमीटर चालवितो. त्याची बचत ४२,००० रुपये. व्याज धरून ही जादा रक्कम फिटण्यास सहा-सात वर्षें लागतील. येथें निवड अटीतटीची आहे. रस्ता चढाचा असेल व ओझें नेहमीं भरलेलें असेल तर डिझेल, एरवीं पेट्रोल किंवा सी. एन. जी., असें ठरवावें.

तिसरा भाड्यानें वाहतूक करतो व वर्षांत ४०,००० किलोमीटर चालवितो. त्याची बचत १,४०,००० रुपये. त्याची जादा रक्कम पावणेदोन वर्षांच्या आंत वसूल होते, व पुढील सर्व वर्षें नफ्याचीं. त्यानें डिझेलच घ्यावें, यांत शंका नाहीं.

एकाच गांवांतील या तिघांना तीन निरनिराळीं उत्तरें मिळतात, हें पाहण्यासारखें आहे. शेजाऱ्यानें डिझेल घेतलें म्हणून आपणहि घ्यावें, ही रीत बैलबाजारांत कोणी पाळीत नाहीं. मग गाडीच्या बाबतींत कां पाळावी? जेथें चार-पांच शेतकऱ्यांचें काम प्रत्येकीं थोडें असेल, तेथें त्यांनीं मिळून एक चांगली डिझेल गाडी घेतल्यास सर्वांची मिळून पुरेशी धांव होते व एकेकट्यावर कर्जाचा बोजा पडत नाहीं.

ओढण्याइतकेंच थांबविणें

शेवटीं, ज्या गोष्टीवर पैसाच नव्हे तर जीवहि अवलंबून असतो ती सांगतों. ओझें ओढण्याची शक्ति एंजिनांत असते. परंतु तें थांबविण्याची शक्ति ब्रेकांत असते. चांगलें डिझेल एंजिन हाताशीं असलें म्हणजे मर्यादेबाहेर माल भरण्याचा मोह होतो, आणि गाडीहि तो सहज ओढते. म्हणून कांहीं चुकत आहे असें वाटतच नाहीं. तें उतारावर कळतें.

वरचीच दहा टनांची गाडी शेंकडा सहा उतारावरून ताशीं ४० किलोमीटर वेगानें खालीं येत असेल, तर सुमारें ७३ अश्वशक्तीइतकी ऊर्जा ब्रेक व एंजिन यांना सतत गिळावी लागते. एकट्या ब्रेकांवर हा भार टाकला तर ते तापतात व पकड सोडतात. वेग ताशीं २० किलोमीटर ठेविला तर हा भार निम्मा होतो. सपाटीवरहि ताशीं ४० चा वेग ६० केला म्हणजे थांबवावयाची ऊर्जा दीडपट न होतां सव्वादोनपट होते.

येथें डिझेलविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोल एंजिनांत पाय काढला कीं हवेचा पडदा मिटतो व त्या ओढीनें एंजिन स्वतःच गाडीला कांहींसें आवरतें. डिझेलला असा पडदा हवा अडविण्यासाठीं नसतो. म्हणून त्याचा नैसर्गिक आवर त्याच्या जोराच्या मानानें थोडा असतो. जड ट्रकांना धुराडें अडविणारा वेगळा ब्रेक याचसाठीं बसवितात. तो आहे कीं नाहीं व चालू आहे कीं नाहीं, हें घाटांतून माल नेणारानें पाहिलेंच पाहिजे. उतार सुरू होण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा; ज्या गिअरांत तो चढ चढला असतां त्याच गिअरांत उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम आजहि खरा आहे. गिअर काढून गाडी मोकळी सोडणें म्हणजे इंधनाच्या थेंबासाठीं जिवावर उदार होणें.

ट्रॉली जोडणारांनीं जोडाचा खुंटा, सुरक्षेची सांखळी, ट्रॉलीचे स्वतंत्र ब्रेक, मागचे दिवे व परावर्तक पट्ट्या यांची पाहणी दर खेपेस करावी. हंगामांत रात्रीं उंसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला अंधारांत उभ्या असतात, व मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या दिसत नाहींत. एका पट्टीची किंमत ती काय! नोंदणीच्या पुस्तकांत लिहिलेलें एकूण वजन हें एंजिनाच्या ओढीवरून ठरविलेलें नसून आंस, टायर व ब्रेक यांच्या बळावरून ठरविलेलें असतें. तें ओलांडूं नये.

सारांश

१. अश्वशक्तीचा आंकडा एकटा पाहूं नये; किती फेऱ्यांवर किती टॉर्क मिळतो तें विचारावें.

२. भरलेलें ओझें, लांब पल्ला, चढाचा रस्ता व वर्षभर काम असेल तर डिझेल एंजिन घ्यावें.

३. हलकें ओझें, जवळचा बाजार व हंगामापुरतें काम असेल तर पेट्रोल किंवा सी. एन. जी. पुरें.

४. जादा किंमतीवरील व्याज व किलोमीटरमागची निव्वळ बचत यांचा हिशेब कागदावर मांडल्यावांचून कर्जावर सही करूं नये.

५. नव्या डिझेल गाडींत खताचा युरिया व भेसळीचें डिझेल कधींहि घालूं नये.

६. गाडी किती ओढते यापेक्षां ती भरल्या मालासह उतारावर किती अंतरांत थांबते, याची चौकशी प्रथम करावी.

एवढी पारख असली म्हणजे विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर आपल्याला अवलंबून राहावें लागणार नाहीं. बैल विकत घेतांना आपण त्याला जोखडाला लावून चालवून पाहतों. गाडीच्या बाबतींतहि तेवढाच चोखंदळपणा आपल्या शेतकरी बंधूंनीं दाखवावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.